आडनावाचा रकाना

चाळीस वर्षं मी या कंपनीत टाईप करते,
शेवटची वीस नुसते पेटंटचे अर्ज.
तांपेरे, फिनलंड. खिडकी जमिनीच्या पातळीला,
म्हणून माणसं मला घोट्यांपासून ओळखू येतात.
यिल्मा आला तेव्हा उणे एकोणीस होतं
आणि पायात कापडी बूट.

अर्जात रकाना: आडनाव.
तो म्हणाला, आमच्यात नसतं.
मी यिल्मा. देस्ता माझे वडील.
देस्सीत, डोंगरातल्या गावात,
गाड्यांच्या रेडिएटरना डाग देतात.
संगणक रिकामा रकाना सोडू देईना.
मी देस्ता लिहिलं.
तेव्हापासून अख्खी कंपनी त्याला
बापाच्या नावानं हाक मारते
आणि तो दर वेळी जरा सावरून उभा राहतो,
वडीलच आत आल्यासारखा.

आमचा धंदा गाळण्यांचा.
कागदगिरणीत लाकडाचा लगदा वाहतो
पेजेसारखा, रात्रंदिवस,
आणि गाळणी तुंबते.
तुंबली की गिरणी थांबते, थांबली की फोन.
मी लागले तेव्हापासून हेच.

त्याला फिनिश शिकायचं होतं.
वर्गातली पुस्तकं म्हणे दुधाबद्दल आणि बसथांब्याबद्दलच बोलतात.
काहीतरी खरं द्या, म्हणाला.
मी तळघराची किल्ली दिली.
तिथे चाचण्यांचे जुने अहवाल, सुतळीनं बांधलेले,
उंदरांनीही नाकारलेले.

रोज दुपारी एक पान.
आम्ही वाचतो ते बर्फावरून घसरत गेल्यासारखं.
तो चालायचा,
एकेका शब्दावर पाय रोवून.

एकदा वर आला, बोट एका ओळीवर धरून.
एकोणीसशे सत्त्याऐंशी, चाचणी एकेचाळीस,
सही वेइक्को हापानिएमी.
‘गाळणी मेल्केइन तुंबली.’
मेल्केइन म्हणजे?
जवळजवळ, मी म्हटलं.
जवळजवळ म्हणजे किती?

मी हसले. मग वरच्या मजल्यावर जाऊन विचारलं.
कोणालाच माहीत नव्हतं किती.
वेइक्को केव्हाच वारलेला, बाटलीपायी.
आणि तो अहवाल टाईप केला होता मी,
बाविसाव्या वर्षी, नखं रंगवलेल्या बोटांनी.
ज्यांची ती आईची भाषा
ते सगळे त्या शब्दाला ओलांडून गेलो होतो.

त्या शब्दाचा आकडा काढायला यिल्माला अकरा महिने लागले.
तुंबण्याच्या अलीकडे एक थरथर असते.
तेवढ्यात जाळी उलटी फिरवली
तर लगदा आपणच सुटतो.
आता सांगायला सोपं.

कंपनीच्या मासिकाच्या बाई फोटो काढायला आल्या,
मातीची कॉफीची सुरई कुठून तरी पैदा करून.
म्हणाल्या, आईच्या स्वयंपाकघरातून सुचलं असेल ना?
नाही, तुमच्या तळघरातून, तो म्हणाला.
ते छापलं नाही. सुरई छापली.

वेइक्कोचंही नाव घाला, म्हणून हटून बसला.
वकील म्हणाला, जवळजवळला हक्क नसतो.

पेटंट वीस वर्षांचं,
त्याचा परवाना दोन.
दोन्ही कागद माझ्याच टेबलावरून जातात.
परवान्याबरोबर पगाराच्या चिठ्ठ्या, भाडेकरार
आणि कंपनीला एक प्रश्न:
हे काम इथला कोणी करू शकला नसता का?
मी लिहिलं, मेल्केइन.
मग खोडलं, आणि नियमात बसेल ते टाकलं.
उत्तर अजून आलेलं नाही.

पेटंटचं मात्र मार्चमध्ये आलं.
संशोधक: देस्ता, यि.
आडनाव पूर्ण, तो स्वतः एका अक्षरात.
मला वाटलं, चिडेल.
त्यानं जाड कागदावर एक प्रत मागितली
आणि टपालाचे पैसे स्वतः भरले.

फोटो दाखवला परवा. गॅरेजची भिंत,
तिच्यावर काचेत आमच्या कंपनीचा शिक्का,
खाली एक म्हातारा, कानामागे पेन्सिल,
कॅमेऱ्याकडे पाठ करून
परक्या लिपीतलं स्वतःचं नाव वाचतोय,
हळूहळू,
काचेवर बोट ठेवून.